गाडीची देखभाल होते, चालकाच्या झोपेचे काय?



आपल्या मदतीतून चालणाऱ्या जीपविषयी या पत्रिकेत अनेकदा लिहून आले आहे. या वेळी जीप चालवणाऱ्या माणसाविषयी लिहीत आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, ती आधी सांगते.

गेल्या पावसाळ्यानंतर धडगावच्या डोंगरातील एका पाड्यावरच्या बाईला उपचारासाठी नाशिकला न्यायचे होते. आमचे ड्रायव्हरभाऊ पहाटे तीनला उठले आणि चारला आम्ही प्रार्थना करून निघालो. बाईला दाखल करून कागदपत्रे व औषधे होईपर्यंत दुपारचे तीन वाजले. दुसऱ्या दिवशी पाड्यावर आरोग्य तपासणी ठरलेली होती, म्हणून मीच म्हणाले, "भाऊ, आजच परत गेलेलं बरं."

"जाऊ की ताई," ते म्हणाले. ते नाही म्हणणार नाहीत, हे मला ठाऊक होते.

रात्री आठच्या सुमारास दोंडाईचा सोडून आम्ही सारंगखेड्याकडे येत होतो. रस्ता सरळ होता, गर्दी नव्हती. जीप हळूहळू उजवीकडे सरकू लागली. समोरून कापूस भरलेला ट्रॅक्टर येत होता. मी ओरडले, भाऊंनी स्टिअरिंग वळवले आणि हाताभर अंतराने आम्ही वाचलो. गाडी कडेला घेतल्यावर ते एवढेच बोलले, "डोळे उघडेच होते ताई, पण ट्रॅक्टर दिसलाच नाही."

ते खरे बोलत होते. थकलेला मेंदू काही सेकंदांसाठी आपोआप झोपी जातो. त्या वेळी डोळे उघडे असू शकतात, आणि आपण झोपलो होतो हे माणसाला नंतरही कळत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत 50 मीटर पुढे जाते. तेवढे अंतर गाडी कोणीच चालवत नसते. झोपलेला माणूस ब्रेकही दाबत नाही, म्हणून असे अपघात फार भयंकर होतात. वळणाच्या घाटापेक्षा सरळ, मोकळ्या रस्त्यावर हा धोका जास्त असतो, कारण तिथे मेंदूला जागे ठेवणारे काही नसते.

त्या रात्री भाऊ 17 तास जागे होते. सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाची सावधता, रक्तात दर 100 मिलिलिटरमागे सुमारे 50 मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी कमी होते, असे प्रयोगांतून दिसले आहे. आपल्या देशात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. दारू पिऊन आलेल्या चालकाच्या हाती मी कधीच किल्ली दिली नसती. इथे मात्र मीच आग्रह केला होता.

शरीराचे घड्याळही असते. मध्यरात्रीनंतर पहाटे सहापर्यंत, आणि दुपारी दोन ते चारच्या सुमारास झोप जोर करते. सर्दी-खाजेच्या काही साध्या गोळ्यांनीही गुंगी येते. खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे, तंबाखू मळणे, यांनी फार तर काही मिनिटे बरे वाटते. चहा-कॉफीचा परिणाम व्हायला साधारण अर्धा तास लागतो. म्हणून गाडी सुरक्षित जागी थांबवून चहा घ्यावा, लगेच 15 ते 20 मिनिटे डुलकी काढावी, आणि उठल्यावर थोडे चालून मगच निघावे. पण हीसुद्धा तात्पुरती सोय आहे. झोपेची भरपाई झोपेनेच होते.

हे सरकारला फार पूर्वीच कळले होते. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि आठवड्याची सुट्टी घालून दिली. परंतु आपल्या भागातील अनेक तरुण दुसऱ्याच्या पिकअप आणि जीप चालवतात. त्यांना फेरीमागे पैसे मिळतात. दिवाळीनंतर मजुरांना गुजरातेत सोडायचे, रातोरात परत यायचे, की पुढची फेरी तयार. मागे बायका-मुले विश्वासाने झोपलेली असतात. थांबलो तर मालक दुसरा ड्रायव्हर बघेल, ही भीती चालकाला जागे ठेवू पाहते. पण भीतीने झोप थांबत नाही.

आम्ही आता काही नियम केले आहेत. लांबच्या फेरीआधीच्या रात्री चालकाला पुरती झोप मिळेल असेच काम लावायचे. दर दोन तासांनी थांबायचे. नाशिकला गेल्यास मुक्काम करायचा, आणि चालकाला झोपायला खाट द्यायची. जीपची सीट नव्हे. "मला झोप येते" असे चालकाने म्हटले की गाडी थांबेल, त्याला कोणी बोलणार नाही. रात्री तातडीचा रुग्ण आला तर दिवसभर गाडी चालवलेल्या माणसाला न उठवता दुसरा चालक शोधायचा. वर्षअखेरच्या हिशेबात "चालक मुक्काम" असा नवा खर्च आपल्याला दिसेल. तो अनावश्यक समजू नये, ही विनंती.

आपल्या मंडळीची सहल, शिबिर किंवा लग्नाचे वऱ्हाड निघेल, तेव्हा आपणही एवढे करावे. चालकाला विचारावे, "दादा, काल रात्री झोप झाली का?" मुक्कामी आपल्यासारखीच त्याच्याही जेवणाची व अंथरुणाची सोय करावी. आणि गाडी चालवत असताना त्याला फोन करू नये.

पुढे महिन्याभराने त्या बाईला घरी आणायला आम्ही पुन्हा नाशिकला गेलो. रात्री तिथेच राहिलो. सकाळी भाऊ स्वतःहून म्हणाले, "ताई, आज डोकं हलकं आहे. चला."