मेंदूतला 'सरस'

सुतार लाकडाला लाकूड जोडण्यासाठी जो सरस वापरतो, तशा चिकट पदार्थाला ग्रीक भाषेत 'ग्लिया' म्हणतात. मेंदूच्या शास्त्रात हा शब्द आला तो १८५६ साली, रुडॉल्फ फिर्शो या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाच्या लेखणीतून. मज्जापेशी आणि त्यांचे तंतू यांच्या मधल्या जागेत त्याला काही मऊ, भरावासारखे दिसले. बाकीच्यांना जागच्या जागी धरून ठेवणारा हा पदार्थ असावा असे मानून त्याने त्याला 'न्यूरोग्लिया', म्हणजे मज्जेचा सरस, असे नाव दिले. पुढे या भरावात स्वतंत्र, जिवंत पेशी आहेत हे सिद्ध झाले. त्यांचे निरनिराळे प्रकारही सापडले. नाव मात्र चिकटून राहिले. सरसच तो!

कला शाखेच्या वार्षिकात पेशी आणि प्रथिने कशाला, असे कोणी विचारील. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर मेंदू चुकत नाहीच. पण भाषेच्या विद्यार्थ्यालाही या विषयात रस वाटावा. एका शब्दाने पाहणाऱ्यांच्या डोळ्यांवर कशी झापडे बांधली, याची ही हकीकत आहे.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीजवळ जनुकांचा तोच एक ग्रंथ असतो. परंतु कोणतीही पेशी तो सबंध वाचीत नाही. घरात पाककृतींचे जाडजूड पुस्तक असले म्हणून रोज पुरणपोळी होत नाही. सण, पाहुणे आणि डब्यातले सामान पाहून एखादे पान उघडले जाते. पेशी जे पान उघडते त्यातले प्रथिन तयार होते. यालाच जनुकाची 'अभिव्यक्ती' म्हणतात. (साहित्यसमीक्षेतला आपला शब्द जीवशास्त्रातही वावरतो हे पाहून मला बरे वाटले.) तेव्हा पेशीत आज कोणते प्रथिन आहे हे कळले, की ती आज कोणत्या कामात आहे याचा अंदाज येतो. ते कळावे कसे? नेमक्या त्याच प्रथिनाला जाऊन बिलगणारी प्रतिपिंडे तयार करायची, त्यांना चकाकणारा रंग जोडायचा आणि मेंदूचा पातळ काप त्यात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. ज्या पेशीत ते प्रथिन असेल ती उजळून निघते.

ग्लियाची सर्वांत प्रसिद्ध खूण सापडली ती एका रोगामुळे. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात मेंदूत कठीण चट्टे पडतात. मृत रुग्णांच्या मेंदूतील अशा जुन्या चट्ट्यांतून अमेरिकेतील लॉरेन्स एंग यांनी एक प्रथिन वेगळे काढले आणि १९७१ साली त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. 'ग्लियल फायब्रिलरी ॲसिडिक प्रोटीन' हे त्याचे लांबलचक नाव. प्रयोगशाळेतील मंडळी नुसते 'जीफॅप' म्हणतात. चांदणीच्या आकाराच्या ग्लिया पेशींत, म्हणजे तारकापेशींत, या प्रथिनाचे बारीक धागे असतात. मग रिवाजच पडला : जीफॅप दिसले की ती तारकापेशींच्या घराण्यातली. पेशवाईत पगडीवरून माणूस ओळखीत, तसेच हे. पण पगडी उतरवता येते, बदलताही येते.

उंदराच्या गर्भात हे फार स्पष्ट दिसते. उंदराच्या मादीचे गर्भारपण जेमतेम २० दिवसांचे. सुरुवातीला मेंदूच्या जागी द्रवाने भरलेली एक नळी असते आणि तिच्या भिंतीतील पेशी नेस्टिन नावाचे प्रथिन बनवीत असतात. अकराव्या-बाराव्या दिवसाच्या सुमारास या पेशींचा थाट बदलू लागतो. पेशीचा गोळा आतल्या पोकळीजवळच राहतो आणि तिचा लांब धागा मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोचलेला असतो. चाकाच्या आऱ्यांसारखी ही रचना, म्हणून त्यांना 'अरीय ग्लिया' म्हणू. नेस्टिन चालूच असते. त्याच्या जोडीला ग्लियाची म्हणून ओळखली जाणारी प्रथिने दिसू लागतात. त्यांतले एक ग्लुटामेट हे द्रव्य पेशीत ओढून घेणारे, दुसरे स्निग्धाम्लांना धरून ठेवणारे. आणि जीफॅप? त्याचा पत्ताच नसतो! माकडाच्या व माणसाच्या गर्भात याच पेशींत ते सापडते. उंदरात मात्र ते दिसू लागते जन्माच्या आसपास, अरीय ग्लिया आपले धागे आवरून तारकापेशी होऊ लागतात तेव्हा. आता पगडीवर विसंबणाऱ्याने या पेशीला काय म्हणावे?

१९७२ साली पास्को राकिच यांनी माकडाच्या गर्भातील मेंदूचा अभ्यास करून दाखवले, की नव्या मज्जापेशी आतून बाहेर सरकतात त्या याच धाग्यांच्या आधाराने, माडावर चढणाऱ्या माणसासारख्या धाग्याला बिलगून. उशिरा जन्मलेली पेशी आधीच्यांना ओलांडून त्यांच्याही वर जाऊन बसते. शोध मोठा होता. पण त्यायोगे ग्लियाला सरसाच्या हुद्द्यावरून परांचीच्या हुद्द्यावर बढती मिळाली, इतकेच. मज्जापेशींची आई कोणी वेगळीच असणार, हे गृहीत कायम राहिले. १९८१ साली तर माकडाच्या गर्भात जीफॅप असलेल्या आणि नसलेल्या पेशी शेजारी-शेजारी विभागताना आढळल्या. मग काय, घराणी दोनच : एक मज्जेचे, एक ग्लियाचे.

हा समज ढासळला तो २००० साली. जर्मनीत मॅग्डालेना ग्योट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भातील अरीय ग्लिया जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनाने उजळवल्या, इतर पेशींतून निवडून काढल्या आणि वेगळ्या वाढवल्या. त्यांतून मज्जापेशी निपजल्या! पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये नॉक्टर, क्रीगस्टीन आदींनी मोठ्या जातीच्या उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, मेंदूत हा प्रसंग घडतानाच पाहिला. अरीय ग्लिया विभागली, कन्यापेशी मज्जापेशी झाली आणि आईच्याच धाग्याला धरून वर निघाली. मूल पदर धरून चालते तशी. प्रथिने खोटे बोलली नव्हती. पेशी आज काय करते आहे एवढेच ती सांगत होती. ती कोणाची कोण, हे पाहणाऱ्यांनी आपल्या मनाने ठरवले होते.

उलटही घडले आहे. मायक्रोग्लिया नावाच्या पेशी ग्लियाच्या कुटुंबात मोजल्या जातात. पण त्या मेंदूच्या मूळ रहिवासीच नव्हेत. गर्भाच्या अगदी आरंभी पीतकोशात तयार होऊन त्या मेंदूत येतात, हे २०१० साली उंदरातच स्पष्ट झाले.

एखादे प्रथिन बनलेच नाही तर काय होते? उंदरांची 'शिव्हरर', म्हणजे थरथरणारी, अशी एक जात आहे. पिल्लू जन्मते तेव्हा वेगळे काही जाणवत नाही. दोनेक आठवडे झाले की चालताना त्याचे अंग कापू लागते. पुढे झटके येतात आणि काही महिन्यांतच ते मरते. कारण एकाच प्रथिनाचा अभाव. ऑलिगोडेंड्रोसाइट नावाची ग्लिया पेशी आपल्या पापुद्र्याचे वेढे मज्जातंतूभोवती गुंडाळते. विजेच्या तारेवरील वेष्टनासारखे हे मायलिनचे वेष्टन असले की संदेश वेगाने जातो. हे वेढे घट्ट बसावेत म्हणून पापुद्र्याच्या आतल्या बाजू एकमेकींना सांधणारे प्रथिन म्हणजे मायलिन बेसिक प्रोटीन. (खरा सरस कुठे असलाच तर तो येथे आहे.) थरथऱ्या उंदरात त्याच्या जनुकाचा मोठा भाग गळालेला असतो. पान कोरे, मग पदार्थ कुठला?

१९८७ साली कॅलिफोर्नियात कॅरोल रेडहेड, लेरॉय हूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जनुक या उंदरांच्या वंशात परत घातले. प्रथिन तयार झाले ते नेहमीच्या सुमारे पाव हिश्श्याइतकेच. पण तेवढ्याने कंप थांबला आणि अकाली मरणही टळले. २००८ साली तर अमेरिकेतच अशा नवजात पिल्लांच्या मेंदूत मानवी ग्लियाच्या पूर्वजपेशी सोडण्यात आल्या. पुष्कळ पिल्ले मेलीच. पण काही तगली, आणि त्यांच्या मज्जातंतूंवर माणसाच्या पेशींनी विणलेले मायलिन होते. मायलिन नासणाऱ्या किंवा जन्मतःच कमी असणाऱ्या विकारांच्या रुग्णांची आशा अशा प्रयोगांवर आहे.

उंदराच्या मेंदूत मायलिन चढवण्याचे काम जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जोरात चालते आणि लवकरच बव्हंशी उरकते. माणसात ते वर्षानुवर्षे चालू राहते. विवेक, नियोजन, संयम यांच्याशी ज्याचा संबंध लावतात त्या कपाळामागच्या भागाचा क्रम सर्वांत शेवटी लागतो. तेथे विशी उलटल्यावरही वेढे पडतच असतात. म्हणजे या अंकाच्या बहुतेक विद्यार्थी-वाचकांच्या डोक्यात, हा लेख वाचताना, ते काम चालू आहे. प्राध्यापक मंडळींचे बहुधा झाले असावे.