ग्राफिक्स कार्डाचा धंदा : मधल्या भावातच खरी उलाढाल

लालबाग, चिंचपोकळी आणि परळ या भागात छपाई, फ्लेक्स, लग्नाचे अल्बम व व्हिडिओ एडिटिंग यांवर अनेक कुटुंबे पोट भरतात. गणेशोत्सवाच्या आधीचे दोन महिने तर या मंडळींना श्वास घ्यायला फुरसत नसते. या कामाला संगणक लागतो, आणि व्हिडिओ किंवा थ्रीडीचे काम असेल तर चांगले ग्राफिक्स कार्डही लागते. संगणक जोडून देणारा गल्लीतला दुकानदार हा माल बहुधा लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावरून उचलतो. थोड्या भांडवलावर हा धंदा करणाऱ्या बांधवांसाठी आम्ही काही गोष्टी मांडत आहोत.

पहिली गोष्ट हिशेबाची. समजा, तुमच्याकडे १ लाख रुपये आहेत. त्यात १ लाखाचे एकच भारी कार्ड घेतले, ते दोन महिन्यांनी विकले गेले आणि ८ टक्के सुटले, तर हाती ८ हजार येतात. त्याच पैशात २५ हजारांची चार कार्डे घेतली, ती २० दिवसांत खपली आणि ५ टक्केच सुटले, तर एका फेरीत ५ हजार मिळतात. दोन महिन्यांत तीन फेऱ्या झाल्या की १५ हजार होतात. टक्का कमी, पण पैसा फिरता राहतो. धंद्याची बरकत या फिरण्यात आहे.

मोठ्या कंपन्यांनाही हे कळले आहे. २००८ च्या जून महिन्यात एएमडीने रेडिऑन ४८५० हे कार्ड १९९ डॉलरला आणि ४८७० हे २९९ डॉलरला आणले. त्याच महिन्यात एनव्हिडियाचे जीटीएक्स २८० हे कार्ड ६४९ डॉलरला आले होते. काही आठवड्यांतच एनव्हिडियाला त्याचा भाव ४९९ डॉलरवर आणावा लागला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये इंटेलने १२ जीबी मेमरीचे आर्क बी५८० हे कार्ड २४९ डॉलरला आणले, तेही याच मधल्या गिऱ्हाइकासाठी.

माल भरून ठेवू नका

२००८ च्या या घटनेत दुकानदाराला मोठा धडा आहे. नवा माल आला की जुन्याचा भाव एका रात्रीत पडतो. ज्याच्या फळीवर जुन्या भावाचा माल पडून असेल, त्याचा नफाच काय, मुद्दलही जाते. मसाला किंवा कापड थोडे थांबून विकता येते. हा माल थांबत नाही. म्हणून दोन-चार कार्डेच दुकानात ठेवावीत, बाकी ऑर्डर आल्यावर आणावीत. उधारीवर तर हा माल मुळीच देऊ नये.

गिऱ्हाइकाचे काम आधी विचारा

केवळ फोटोशॉप व कोरल ड्रॉवर बॅनर करणाऱ्याला भारी कार्डापेक्षा जास्त रॅम उपयोगी पडते. व्हिडिओ आणि थ्रीडी करणाऱ्याला मात्र कार्डावरची मेमरी महत्त्वाची. २०२१ चे आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचे कार्ड १७० वॅट वीज घेते. २०२३ चे आरटीएक्स ४०६० हे ८ जीबीचे कार्ड ११५ वॅटवर चालते. जुन्या संगणकात कमी वॅटचे कार्ड बसवले, तर नव्या पॉवर सप्लायचा खर्च अनेकदा वाचतो. आर्क बी५८० विकताना मदरबोर्ड जुना नाही ना, हे पाहावे. रिसायझेबल बार ही सोय मदरबोर्डात नसेल तर ते कार्ड मंदावते. ज्या दुकानदाराने गिऱ्हाइकाचा नको तो खर्च वाचवला, त्याच्याकडेच ते पुन्हा येते.

बिल आणि इमानदारी

ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे. बिनबिलाचा माल स्वस्त दिसतो. पण जीएसटीत नियमित नोंदणी असलेल्या छापखान्याला बिलावर तो कर वजा मिळतो. कंपोझिशन योजनेतल्यांना ती सवलत नाही. शिवाय कार्ड बिघडले तर वॉरंटीसाठी बिल व सीरियल नंबर लागतोच.

जुन्या मालाबाबत अधिक सावध राहावे. २०२१ मध्ये इथेरियम हे आभासी चलन मिळवण्यासाठी लोकांनी कार्डे रात्रंदिवस चालवली आणि बाजारात टंचाई झाली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची ती पद्धतच बंद झाली आणि वापरलेली कार्डे बाजारात आली. असे कार्ड विकणे गैर नाही. ते नवे म्हणून विकणे गैर आहे. कार्ड जुने आहे हे स्पष्ट सांगावे, गिऱ्हाइकासमोर अर्धा तास चालवून दाखवावे आणि बिलावर ‘वापरलेले’ असे लिहावे.

ऑनलाइन विक्रेत्यांशी भावात स्पर्धा करणे छोट्या दुकानदाराला परवडणारे नाही. पण ऐन हंगामात रात्री संगणक बंद पडला, तर फ्लेक्सवाला धावत येणार तो गल्लीतल्या दुकानातच. त्या वेळी दुकानात एक चालू कार्ड आणि जिभेवर खरी माहिती असली, की हा धंदा टिकतो.