वेरूळच्या पाटलांची वंशावळ, तंजावरच्या भिंतीवर

वेरूळच्या भोसल्यांची एक शाखा तंजावरात स्थायिक झाली त्याला सव्वाशे वर्षे होत आली होती, तेव्हा, 1803 साली, तिथले राजे दुसरे सरफोजी यांनी आपल्या कुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर मराठीत कोरून घेतला. देऊळ चोळांचे, भोवतीचा मुलूख तमिळ, आणि दगडावर बाबाजी, मालोजी, शहाजी, एकोजी अशी पिढ्यांमागून पिढ्यांची हकीकत. देशातल्या सर्वांत लांब शिलालेखांत त्याची गणना होते. परमुलखात वसलेल्या घराण्याला मूळ गावाची ओढ असते, त्यातून हा खटाटोप झाला असे म्हणावेसे वाटते. पण लेखाचे साल पाहिले की दुसरे कारण दिसू लागते. सरफोजी दत्तक होते. तुळजाराजांनी 1787 साली मरणापूर्वी त्यांना मांडीवर घेतले. तुळजाराजांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी हरकत घेतली, पंडितांचा कौल त्यांच्या बाजूने पडला आणि ईस्ट इंडिया कंपनीने गादी त्यांना दिली. ती सरफोजींकडे यायला 1798 उजाडले, आणि पुढच्याच वर्षी तह होऊन राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. हाती उरले ते नुसते राजेपण, आणि ते सगळे वंशावर टेकलेले. चारच वर्षांनी हा माणूस वंशावळ कोरून घेतो, त्यात पूर्वजांवरची भक्ती असेलही, पण दत्तकाची नड नक्कीच आहे. वंशावळ हा दाव्याचा कागद असतो. तो वरून खाली लिहिलेला असला तरी खालून वर वाचावा लागतो.

हीच कसोटी वेरूळला लावून पाहू. बाबाजी भोसले हे दौंडकडच्या हिंगणी बेरडी आणि देऊळगावचे पाटील. वेरूळची पाटीलकीही याच घराण्याकडे होती. त्यांचे मुलगे मालोजी आणि विठोजी निजामशाहीच्या चाकरीत चढले. मालोजींची सोयरीक फलटणच्या नाईक निंबाळकरांशी झाली. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनी केला (आज उभे आहे ते देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या काळातले), आणि शिखर शिंगणापूरला पाण्याचे हाल होते तिथे तळे बांधले. ते इंदापूरच्या लढाईत पडले. धाकटा मुलगा शरीफजी 1624 साली भातवडीला कामी आला. थोरले शहाजीराजे पुढे बंगळूरला गेले, आणि त्यांचे पुत्र एकोजी 1675-76च्या सुमारास तंजावरचे धनी झाले. इथवर सोयरीक, देऊळ, तळे, रणांगण अशी काहीतरी हाताला लागणारी खूण मिळत जाते. त्यापलीकडे पाऊल टाकले की जमीन भुसभुशीत होते. बखरकार सांगतात, वेरूळच्या शेतात भवानीने मालोजींना धन दाखवले आणि ते श्रीगोंद्याच्या शेषाप्पा नाईकाकडे ठेवले गेले. धन खरे की खोटे, हा वाद राहू द्या. पाटलाच्या घरात पागा उभी करण्याइतका पैसा आला कुठून, हा प्रश्न लोकांना पडत होता, एवढे या कथेवरून कळते. आणि देवी प्रसन्न झाल्यावरही सावकाराचे नाव काही बखरकाराला टाळता आले नाही! बाबाजींच्या वर तर सगळेच वादाचे. मेवाडच्या सूर्यवंशी म्हणवणाऱ्या सिसोद्यांशी सांगितले जाणारे नाते ऐरणीवर आले ते शिवाजीराजांच्या 1674च्या राज्याभिषेकाच्या वेळी, कारण अभिषेकाला क्षत्रियत्वाचा दाखला हवा होता. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी पुढे याच कुळाचा माग शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरून कर्नाटकात, होयसळांकडे नेला. म्हणजे कागद विरळ झाले की वाटा वाढतात.

यावर कोणी म्हणेल, मुधोळच्या घोरपड्यांकडची फर्माने भोसल्यांना मेवाडशी जोडतात, तेही कागदच की! ती बहमनी काळापासूनची असल्याचे सांगतात आणि त्यांच्या अस्सलपणाबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. मला खटकते ते वेगळेच. ज्याच्या फायद्याची, त्याच्याच दप्तरात ती राहिली. त्यांना आव्हान देणारा भाऊबंद समोर उभा राहिल्याचे दिसत नाही. मग पाटीलकीसारख्या वतनांचे कागद काय धुतल्या तांदळासारखे असतात? मुळीच नाही. खोटे महजर (निवाड्याचे कागद), मागाहून घुसडलेली नावे, सगळे प्रकार तिथेही झाले. पण पाटीलकीचा तंटा गोतसभेपुढे जाई. समोर प्रतिवादी बसलेला, भोवती गाव. महजराखाली पाटील नांगराची निशाणी काढी, कुलकर्णी लेखणीची, न्हावी आरशाची. खोटे बोलायचे तरी आजोबाचे नाव शेजाऱ्याला पटेल असे सांगावे लागे. सूर्यवंशातल्या पूर्वजाबद्दल उलटतपासणी घ्यायला कोण येणार? म्हणून नांगराची ती वेडीवाकडी रेघ मला शंभर पिढ्यांच्या यादीपेक्षा वजनदार वाटते.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे: अशा चिकित्सेने थोर घराण्याला कमीपणा येतो. मला उलट वाटते. बाबाजी पाटलांचे पणतू छत्रपती झाले, मधल्या अवघ्या दोन पिढ्यांत एवढी चढण चढली गेली. सुरुवातच सूर्यवंशापासून धरली तर ही चढण दिसत नाही; राजाच्या घरी राजा जन्मला, एवढेच उरते. तंजावरचा लेखही मी मोडीत काढत नाही. सरफोजींच्या आसपासच्या पिढ्या, दत्तविधान, गादीचा झगडा, यांसाठी तो आपल्या पक्षाचा असला तरी माहीतगार साक्षीदार आहे. त्याला शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे विचाराल तर तो ऐकीव सांगतो, आणि सूर्यवंशाचे विचाराल तर स्तुतिपाठकाचे.

आपल्याही घरी गुंडाळी करून ठेवलेली वंशावळ असेल, नाहीतर नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या बाडात आजोबा-पणजोबांनी आपल्या हाताने लिहिलेली नावे असतील. ती काढाल तेव्हा सगळ्यात वरच्या नावावर बोट ठेवू नका. आधी शेवटचे नाव पाहा, त्याखालची तारीख पाहा, आणि त्या साली घरात कोणता तंटा चालू होता ते विचारा. मग मोडी वाचणारा माणूस गाठा.