दळण बारीक नव्हे, एकसारखे हवे

बहुतेक मराठी घरांत कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वरून जायफळ किसून घातलेली. पूड डब्यातली, बहुधा पाण्यात सरळ विरघळणारी. त्यामुळे कॉफी दळण्याचा प्रश्न स्वयंपाकघरात कधी आलाच नाही. माटुंग्यासारख्या ठिकाणी जाऊन डोळ्यांसमोर दळून घेतलेली पूड आणणारी घरे तेवढी याला अपवाद. आता चिकमगळूर आणि कोडगूच्या मळ्यांतल्या भाजलेल्या बिया घरपोच येऊ लागल्या आहेत आणि त्यांच्यामागोमाग विजेवरचा ग्राइंडर घेण्याचा विचारही. दुकानात गेले की नजर आधी किमतीवर, मग वॅटवर आणि मग ‘अतिशय बारीक दळतो’ या दाव्यावर जाते. कॉफीच्या बाबतीत यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना फारसा अर्थ नाही.

पाणी पुडीतून काय काढते?

भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण ३० टक्के भागच पाण्यात विरघळू शकतो, आणि तोही सगळा कपात उतरणे चांगले नसते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५०च्या दशकात केलेल्या कामातून पुढे आलेले प्रमाण आजही वापरले जाते : पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के अंश पाण्यात उतरला की चव जुळते. पाण्यात आधी आंबट आम्ले उतरतात, मग गोडसर आणि सुवासिक घटक, तर कडू आणि तुरट घटक सावकाश येतात. कमी उतरली तर कॉफी आंबट आणि पाणचट लागते, जास्त उतरली तर कडवट.

हा वेग ठरतो कणाच्या आकारावर. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच एक मिलिमीटरचे हजार घन केले तर एकूण पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर होतो. वस्तू तेवढीच, पण पाण्याला भिडणारी जागा दहापट. म्हणून बारीक पुडीतून कॉफी झटकन उतरते आणि जाडसर पुडीतून हळूहळू.

अडचण होते ती दोन्ही एकत्र आल्यावर. एकाच चमच्यात मैद्यासारखी धूळ आणि लापशीच्या रव्यासारखे तुकडे असतील, तर धूळ कडवटपणा सोडते आणि त्याच वेळी जाड तुकडे अर्धवट राहतात. कप एकाच वेळी आंबटही लागतो आणि कडूही. असा कप सुसह्य करायला बहुतेक जण साखर वाढवतात. सपाट चमचाभर साखर म्हणजे चार-पाच ग्रॅम. दिवसाकाठी वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. तीन कपांत दोन-दोन चमचे घातले की ही मर्यादा कॉफीतच गाठली जाते.

पाती की जाते?

बाजारातल्या यंत्रांचे मुख्य प्रकार दोन. पहिला पात्यांचा. ही मिक्सरचीच छोटी आवृत्ती. पाती मिनिटाला हजारो फेरे घेते आणि बिया आपटून फोडते. पात्याजवळचा दाणा दहा वेळा कापला जातो, कडेचा दोनदाच. हे यंत्र जास्त वेळ चालवले तर पूड बारीक होते, पण एकसारखी होत नाही. शिवाय ती तापते आणि सुवासाचे उडून जाणारे घटक भांड्यातच निसटतात.

दुसरा प्रकार ‘बर ग्राइंडर’. परदेशी नाव बाजूला ठेवले तर हे जातेच आहे. दोन दातेरी तळ्या, त्यांतली एक स्थिर आणि एक फिरणारी, मध्ये ठरवलेली फट. त्या फटीतून जाण्याइतका लहान झाल्याशिवाय दाणा खाली पडत नाही. घरघंटी वापरणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तळ्या शंकूच्या आकाराच्या असतात किंवा चपट्या. घरगुती वापरात या दोहोंतल्या फरकापेक्षा त्या नीट, न हलता बसवलेल्या आहेत का, हे जास्त महत्त्वाचे. चिनी मातीच्या तळ्यांची धार बराच काळ टिकते, पण बियांतून एखादा खडा आला तर त्यांचा टवका उडू शकतो. पोलादी तळ्या असा मार अधिक सोसतात. अशा यंत्राला मिक्सरएवढे वॅट लागत नाहीत. ते हळू फिरते, म्हणून आवाज आणि उष्णता कमी. किमतीत मात्र ते पात्यांच्या यंत्राच्या कित्येक पट जाते.

आधी भांडे ठरवा

कोणते यंत्र घ्यायचे, याचे उत्तर घरात कॉफी कशात होते यावर आहे. एस्प्रेसो यंत्रात पाणी दाबाने अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुडीतून जाते. तिथे कण साधारण २०० ते ४०० मायक्रॉनचे लागतात आणि फट केसभर सरकली तरी चव बदलते. त्यासाठी बारीक टप्प्यांनी जुळवता येणारे बर यंत्रच हवे. मोका पॉटला आणि दाक्षिणात्य स्टीलच्या फिल्टरला त्याहून थोडी जाड पूड चालते. फिल्टरमध्ये फार बारीक पूड भरली तर भोके बुजतात आणि डिकॉक्शन तासभर ठिबकत राहते. कागदी फिल्टरला बारीक रव्याएवढी आणि फ्रेंच प्रेसला जाड रव्याएवढी पूड लागते.

या निवडीला आरोग्याचीही बाजू आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काह्वेओल ही द्रव्ये असतात. ती रक्तातील एलडीएल, म्हणजे अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवतात. कागदी फिल्टर त्यांतला बहुतेक भाग अडवतो, जाळी अडवत नाही. त्यामुळे उकळून न गाळता घेतलेल्या आणि फ्रेंच प्रेसच्या कॉफीत त्यांचे प्रमाण जास्त राहते. नॉर्वेत पाच लाखांहून अधिक लोकांचा सरासरी २० वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कागदातून गाळलेली कॉफी पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण न गाळलेली पिणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. तरीही ज्यांचे कोलेस्टेरॉल आधीच वाढलेले आहे आणि ज्यांना दिवसातून तीन-चार कप लागतात, त्यांनी कागदी फिल्टर धरलेला बरा. मग महागड्या एस्प्रेसो दर्जाच्या ग्राइंडरची गरजही उरत नाही.

मिक्सरवर भागेल का?

दूध, साखर आणि चिकोरी असलेली फिल्टर कॉफी हीच घरची सवय असेल, तर बऱ्याच अंशी भागते. भारतात चिकोरी मिसळलेल्या पुडीत कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. दूध आणि चिकोरीच्या दाट चवीत दळणातला थोडा असमानपणा झाकला जातो. अशा घराने कोरड्या दळणाचे छोटे भांडे कॉफीसाठी वेगळे ठेवावे, नाहीतर हळद-मिरचीचा वास पुडीत उतरतो. मिक्सर सलग चालवू नये. दोन-तीन सेकंद फिरवून थांबावे, भांडे हलवावे, पुन्हा फिरवावे. शेवटी पूड मैद्याच्या चाळणीतून चाळून धूळ वेगळी केली तर फरक लगेच कळतो.

काळी कॉफी पिणाऱ्यांना मात्र बर यंत्राचा पैसा वसूल होतो. विजेचे यंत्र बजेटबाहेर जात असेल आणि रोज एक-दोन कपच लागत असतील, तर हाताने फिरवायचे बर यंत्र हा चांगला मधला मार्ग आहे. तेवढ्याच किमतीच्या पात्यांच्या यंत्रापेक्षा ते एकसारखे दळते.

घेताना आणि वापरताना

दुकानात दळून दाखवत असतील तर चिमूटभर पूड बोटांत चोळून पाहावी. पिठासारखी धूळ आणि टोचणारे तुकडे एकत्र लागले तर यंत्र सोडून द्यावे. तळ्या स्वच्छतेसाठी हाताने काढता येतात का, सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्या शहरात मिळते का, एका वेळी किती मिनिटे चालवायला परवानगी आहे, हे विचारावे. आत किती पूड अडकून राहते तेही पाहावे. कालची शिळी पूड आजच्या कपात येते ती तिथूनच.

यंत्राच्या वरच्या भांड्यात बिया भरून ठेवू नयेत. पावसाळ्यात त्या दमट होतात, तेल खवट होते. बिया हवाबंद डब्यात ठेवून लागतील तेवढ्याच, वजन करून घ्याव्यात. एका कपाला साधारण १० ग्रॅम पुरतात. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे पूड यंत्राला चिकटते. दळण्याआधी बियांवर पाण्याचा थेंबभर शिडकावा केला तर हा त्रास घटतो. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रयोगांनी ते दाखवून दिले. आठवड्यातून एकदा प्लग काढून कोरड्या ब्रशने तळ्या झाडाव्यात. तळ्या धुऊ नयेत आणि साफसफाईसाठी त्यांत कच्चे तांदूळ दळू नयेत. तांदूळ कॉफीपेक्षा कठीण असतो आणि मोटरवर ताण येतो.

यंत्र आले की कप वाढतात, तिथेही भान हवे. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेऊ नये. दळलेल्या पुडीच्या १५० मिलिलिटर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते, विरघळणाऱ्या पुडीच्या कॉफीत ५० ते ६५. म्हणजे झटपट कॉफीचे चार कप घेणाऱ्याने ताज्या दळलेल्या कॉफीवर येताना अडीच-तीन कपांवर थांबायला हवे. आणि जेवणाच्या आधी व नंतर तासभर कॉफी टाळली तर अन्नातले लोह शरीराला नीट मिळते.