मणका कधी मोडला, हे सीटी स्कॅन सांगतो का?

सत्तरीतल्या बाईंनी ओल्या कपड्यांची बादली उचलली आणि पाठीत कळ आली, की घरातलं निदान ठरलेलं असतं: उसण भरली. मग शेक, मलम, तेल. पंधरवड्यानंतरही दुखत असेल तर कुणीतरी म्हणतं, ‘मणक्यात गॅप आला असेल.’ मणका मोडल्याची शंका सहसा येत नाही, कारण पडल्याच नाहीत तर मोडेल कसा?

हाडं ठिसूळ झाली असतील तर वाकून वजन उचलणं पुरतं, कधी जोराची शिंकही पुरते. मणक्याचा पुढचा भाग दबतो, मागचा बहुधा तसाच राहतो आणि चौकोनी मणका पाचरीसारखा होतो. छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात तिथे, म्हणजे रिपोर्टात डी-१२ आणि एल-१ लिहिलेलं असतं त्या जागी, हे सर्वांत जास्त घडतं. अशा मोडींपैकी साधारण दोन-तृतीयांश त्या वेळी लक्षातच येत नाहीत. आणि ‘गॅप’ म्हणतात तो बहुधा दोन मणक्यांमधल्या चकतीचा प्रश्न असतो. त्याचा या मोडीशी संबंध नाही.

‘एक्स-रेत दबलेला मणका दिसला, म्हणजे कारण सापडलं.’ अर्धंच खरं. एक्स-रेत तीन मणके दबलेले दिसले, तर त्यातला कालचा कुठला आणि दहा वर्षांपूर्वीचा कुठला? उपचार या उत्तरावर ठरतात. साधा सीटी स्कॅन यात बराच पुढे जातो. हाडाची तुटलेली धार ताजी आहे की भरून गुळगुळीत झाली आहे, मणक्याची मागची भिंत फुटून तुकडा मज्जारज्जूच्या पोकळीत सरकला आहे का, आत हवेची फट आहे का, हे तो बारकाईने दाखवतो. तरीही ताजी मोड असून मणक्याची उंची फारशी घटलेलीच नसेल, तर तोही चकतो. नव्या मोडीची पक्की खूण म्हणजे मणक्यातल्या अस्थिमज्जेत साचलेलं रक्त आणि पाणी, म्हणजेच सूज. ते दाखवणं एमआरआयचं काम, असं आजवर मानलं गेलं.

‘सीटीत फक्त हाड दिसतं’ हे वाक्य म्हणूनच अनेक डॉक्टरांच्याही तोंडी असतं, आणि साध्या सीटीपुरतं ते ठीक होतं. ड्युअल एनर्जी सीटीत मात्र तोच भाग दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी टिपतात; एक ८० किलोव्होल्टच्या आसपास, दुसरी १४० च्या. ऊर्जा बदलली की कॅल्शियमची किरणं शोषण्याची क्षमता खूप बदलते, पाण्याची आणि चरबीची त्या मानाने थोडी. या फरकावरून संगणक चित्रातलं कॅल्शियम वजा करतो. मागे उरते मज्जा. उतारवयात ती बरीचशी चरबीची असते, त्यामुळे पाणी भरलेला मणका शेजारच्यांपेक्षा वेगळ्या रंगात उठून दिसतो. पेसमेकर असलेल्या, बंद बोगद्यात घाबरणाऱ्या किंवा दुखण्यामुळे वीस-पंचवीस मिनिटं पाठीवर निपचित पडू न शकणाऱ्या रुग्णाला याचा मोठाच आधार. दोन ऊर्जा म्हणजे दुप्पट किरणोत्सर्ग, ही भीतीही नको. मात्रा दोन्हींत वाटून दिली जाते. आणि फक्त यासाठी शिरेतून इंजेक्शन लागत नाही.

म्हणून एमआरआय आता लागणारच नाही, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मणका आतून घट्ट, पांढरा झाला असेल किंवा आत हवा असेल, तर हे रंगीत चित्र फसवतं. अगदी कडेलगतची सूज निसटते. पायांत अशक्तपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप, पूर्वी झालेला कॅन्सर, यांतलं काहीही असेल तर मज्जारज्जू आणि नसा नीट पाहायला एमआरआयच हवा, तोही लगेच.

रिपोर्टातल्या ‘ग्रेड ३’ने घर हादरतं. मणक्याची उंची २० ते २५ टक्के घटली तर ग्रेड १, ४० टक्क्यांपर्यंत ग्रेड २, त्यापुढे ३. हे उंचीचं माप आहे, वेदनेचं नाही, ऑपरेशनच्या चिठ्ठीचं तर नाहीच. मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपचाराबद्दल २००९ साली दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत नुसत्या लटक्या प्रक्रियेपेक्षा तो सरस ठरला नाही. तरी आवर न येणारं दुखणं आणि खात्रीने ताजी मोड असेल, तर निवडक रुग्णांत तो आजही करतात, आणि कुठल्या मणक्यात करायचा हे सूज कुठे आहे त्यावरून ठरतं.

हाडं ठिसूळ असल्याची खूण कधी आधीच्याच स्कॅनमध्ये असते. मुतखड्यासाठी पोटाचा सीटी काढलेला असतो, त्यात कमरेचे मणके फुकटात आलेले असतात. इंजेक्शन न देता काढलेल्या अशा स्कॅनमध्ये एल-१ मणक्याच्या आतल्या भागाची घनता मोजता येते. हाउन्सफील्ड मोजपट्टीवर ती ११० च्या खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडांच्या ठिसूळपणाची, दाट शंका घ्यावी, १६० च्या वर असेल तर शक्यता कमी. रिपोर्टात मणक्यांवर अवाक्षर नसेल, तर रेडिओलॉजिस्टना ते पुन्हा पाहायला सांगण्यात संकोच कसला?

आणि ‘डेक्सा नॉर्मल आली, म्हणजे हाडं मजबूत’ हा समज. डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. दबलेल्या मणक्यात तेवढंच हाड कमी जागेत कोंबलं जातं, म्हणून डेक्सा त्याला जास्त घनतेचं मोजते. उतारवयात वाढलेल्या हाडांच्या कंगोऱ्यांनीही आकडा फुगतो. मोठी इजा न होता मणका मोडला असेल आणि कॅन्सरसारखं दुसरं कारण सापडलं नसेल, तर डेक्साचा आकडा चांगला असला तरी डॉक्टर ऑस्टिओपोरोसिसच धरून औषधं सुरू करतात.