जोईचा हर्निया आणि सहा मित्रांचे गैरसमज

वाचकहो, आरोग्याच्या पानावर टीव्हीची मालिका कशाला, असे तुम्ही विचाराल. 'फ्रेंड्स' ही अमेरिकन मालिका संपून वीस वर्षे उलटली, तरी आपली कॉलेजातली मुले आजही ती मोबाईलवर पाहत एकटीच हसत बसतात. शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईत खोली घेऊन किंवा वसतिगृहात राहणाऱ्यांना तर ती फारच जवळची वाटते. घर लांब, त्यामुळे मित्र हेच घर. आणि अशा घरात दुखले-खुपले की पहिला सल्ला मित्राचाच असतो. म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेतला.

२२ सप्टेंबर १९९४ ते ६ मे २००४ या काळात मालिकेचे २३६ भाग झाले. न्यूयॉर्कमध्ये राहणारे सहा तरुण: रेचल, मोनिका, फीबी, जोई, चँडलर आणि रॉस. विनोदाची रीत ठरलेली. एकाला अर्धीच गोष्ट कळते, दुसरा काहीतरी लपवतो, तिसरा भलताच अर्थ काढतो आणि वीस-बावीस मिनिटांत सगळा उलगडा होतो. यातले कितीतरी घोटाळे दुखण्याचे आणि दवाखान्याचे आहेत.

१९९९ सालचा एक भाग घ्या. जोई हा नट. बरेच दिवस काम नाही, म्हणून त्याचा आरोग्य विमा बंद होतो. अमेरिकेत विमा बहुतेकांच्या नोकरीला बांधलेला असतो. काम गेले की विमा गेला. नेमके तेव्हाच वजने उचलताना त्याला कळ येते आणि फुगवटा दिसू लागतो. चँडलरला तो हर्निया वाटतो, दवाखान्यात जा असे तो सांगतोही. पण पैसे कुठून आणणार? मग जोई कळवळत कामे मागत हिंडतो. शेवटी मरणाऱ्या माणसाचे काम मिळते, त्यात त्याचे कण्हणे अगदी खरे वाटते. सोबतच्या लहान मुलाला रडू येईना, तर जोई त्याला आपला फुगवटा दाखवतो आणि पोर घाबरून भोकाड पसरते. आम्हीही हसलो.

पण जोईसारखे दुखणे अंगावर काढणारे आपल्याकडे कमी नाहीत. हमाली करणारे, सिमेंटची पोती वाहणारे, वर्षानुवर्षे खोकणारे कितीतरी पुरुष जांघेतला फुगवटा लाजेने कोणाला दाखवत नाहीत. हर्निया म्हणजे अंतर्गळ. पोटाच्या भिंतीत जिथे जागा कमजोर होते, तिथून आतड्याचा किंवा चरबीचा भाग बाहेर येतो. खोकले, वजन उचलले की फुगवटा दिसतो, आडवे झाले की आत जातो, म्हणून माणसाला वाटते की बरे झाले. ते बरे होणे नव्हे. गोळीने तो जात नाही. पट्टा बांधल्याने आधार वाटतो, भोक बुजत नाही. इलाज शस्त्रक्रियेचाच, ती लगेच करायची की काही काळ थांबायचे, हे तपासून सर्जन सांगतात. जिल्हा रुग्णालयात ही नेहमीची शस्त्रक्रिया आहे. मात्र फुगवटा आत जाईनासा झाला, कडक होऊन दुखू लागला, उलट्या होऊ लागल्या, वारा सरेना, तर सकाळची वाट पाहू नये. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की काही तासांत ते सडू लागते आणि जिवावर बेतते.

त्याच भागात फीबीला भविष्य सांगणारी बाई सांगते, की तू या आठवड्यात मरणार. फीबी ते खरे मानून बसते. शेवटी मरते ती भविष्यवाली, आणि फीबी म्हणते, तिने पत्ते चुकीचे वाचले असणार! इतके होऊनही पत्त्यांवरचा विश्वास तसाच. असली माणसे दाखवायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही.

त्याआधीचा, १९९५चा एक घोटाळा. रेचलचा घोटा मुरगळतो, तिच्याकडे विमा नाही. रुग्णालयात ती मोनिकाचे नाव लावते. पुढे दोघींना दोन डॉक्टर आवडतात, ते जेवायला येतात आणि दोघींना एकमेकींची सोंगे घ्यावी लागतात. मग काय, रेचल मोनिका होऊन मोनिकाची निंदा करते आणि मोनिका रेचल होऊन रेचलची! मालिकेत एवढ्यावर भागते. प्रत्यक्षात बहिणीच्या किंवा मित्राच्या कार्डावर उपचार घेणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्याच्या नावाच्या कागदांवर तुमचा रक्तगट, तुमचा मधुमेह, तुम्हाला न चालणारी औषधे नोंदली जातात. उद्या तोच कागद पाहून खऱ्या माणसावर उपचार होतील.

आणखी एक गैरसमज तर या मालिकेनेच जगभर पसरवला. १९९७च्या भागात मोनिकाला समुद्रावर जेलीफिश डसते आणि मित्र लघवीचा उपाय करतात. तो उपाय खोटा आहे; लघवीने त्वचेवर उरलेले काटे आणखी विष सोडू शकतात. मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखी ब्लू बॉटल वाहून येते, म्हणून हे आपल्यालाही उपयोगाचे. डसलेली जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी, वाळूने चोळू नये, चिकटलेले तंतू चिमट्याने काढावेत, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटे ठेवावी. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट रुग्णालय.

आता पडद्यामागचे. चँडलर हा सहा जणांतला सर्वांत हसवणारा. त्याची भूमिका करणाऱ्या मॅथ्यू पेरी यांना १९९७मध्ये जेट स्कीचा अपघात झाला, वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांचे व्यसन लागले. दारू आधीपासून होतीच. कधी वजन वाढलेले, कधी गाल बसलेले, असा तो माणूस प्रेक्षकांना दर आठवड्याला दिसत होता. २०२२च्या आत्मकथनात त्यांनीच लिहिले, की वजन वाढलेले दिसले तर दारू चालू होती आणि रोडावलेले दिसले तर गोळ्या. लोक मात्र विनोद ऐकत राहिले. रेचलची भूमिका करणाऱ्या जेनिफर ॲनिस्टन यांनी मात्र एकदा त्यांना गाठून सरळ सांगितले, की तू पितोस हे आम्हाला माहीत आहे, वास येतो. मालिकेत अशी गोष्ट कोणी सरळ बोलत नाही. बोलले तर भागच संपेल.

त्यानंतरही पेरी पुन्हा पुन्हा उपचारांना गेले, पुन्हा पुन्हा घसरले. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी, ५४व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. केटामाइन या औषधाचा परिणाम हे मुख्य कारण तपासात नोंदले गेले.

खोलीतला मित्र खोकल्याचे औषध बाटलीभर पीत असेल, किंवा रोज हसवणारा अचानक गप्प झाला असेल, तर दोन सरकारी क्रमांक मोबाईलमध्ये ठेवा: व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या आजारासाठी टेली-मानसचा १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत. टेली-मानसवर मराठीत बोलता येते, आणि मित्रासाठी तुम्ही स्वतः फोन केला तरी चालतो.