उन्हाळी सुट्टी, आजोळ आणि बालकांचा मधुर आहार

मे महिना उजाडला की शाळांना सुट्ट्या लागतात आणि सेनगाव तालुक्यातील घरे पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर येथून आलेल्या नातवंडांनी भरून जातात. गावात रेल्वे नाही. कोणी हिंगोली डेक्कन स्थानकावर उतरून, तर कोणी थेट एस.टी.ने येथे पोहोचतो. पुढील पाच-सहा आठवडे आजोळी मुक्काम असतो. मध्येच औंढा नागनाथ, नर्सी नामदेव, नांदेडचा सचखंड गुरुद्वारा, माहूर, शेगाव असे देवदर्शन घडते. ज्यांना शक्य आहे ते महाबळेश्वरापर्यंत जाऊन येतात. या सर्व काळात बालकाच्या हाती दिवसभर काही ना काही गोड असते. सकाळी बिस्किटे, मग पेढा, दुपारी आमरस, उन्हे कलताच बर्फगोळा, रात्री कुल्फी आणि प्रवासात शीतपेयाची बाटली.

जूनच्या मध्यास शाळा उघडतात, त्याच सुमारास पाऊसही येतो, आणि अरुची, उदरशूल, मलावष्टंभ, प्रतिश्याय-कास व दंतशूल या तक्रारी घेऊन हीच बालके आपल्यासमोर बसतात. आपण औषध देतो आणि सवयीने सांगतो, ‘गोड बंद करा.’ हा सल्ला पाळला जात नाही, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. तो का पाळला जात नाही आणि त्याऐवजी वैद्याने व औषधी दुकानदाराने काय सांगावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मधुर रस निषिद्ध नाही

प्रथम शास्त्राची बाजू पाहू. मधुर रस जन्मापासून सात्म्य असून धातूंचे बल वाढविणारा व बाल, वृद्ध, क्षीण यांना हितकर आहे, असे आपल्या संहिता सांगतात. त्याच मधुर रसाच्या अतियोगाने स्थौल्य, आलस्य, गौरव, अन्नाविषयी अनिच्छा, अग्निदौर्बल्य, श्वास, कास, प्रतिश्याय आदी विकार उद्भवतात, हेही चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात नोंदविले आहे. बाल्यावस्था मुळातच कफप्रधान असते. त्यामुळे अतियोगाची सीमा बालकात लवकर ओलांडली जाते, हे वेगळे सांगावयास नको.

येथे घरातील जाणती मंडळी एक आक्षेप घेतात आणि तो निराधार नसतो. उन्हाळ्यात गोड खावे असे आयुर्वेदच सांगतो ना, असे ते विचारतात. ग्रीष्म ऋतुचर्येत मधुर आहाराची प्रशंसा आहे हे खरे. परंतु वाग्भटाचार्यांनी त्या मधुर अन्नाला लघु, स्निग्ध, शीत व द्रव अशी विशेषणे जोडली आहेत. पेढा, बर्फी, गुलाबजाम हे मधुर असले तरी लघु नाहीत आणि द्रवही नाहीत. आदानकाळाच्या अखेरीस शरीरबल अत्यल्प असते. अशा वेळी खव्याचे गुरु पदार्थ दिवसातून चार वेळा देणे म्हणजे ऋतुचर्येचा एक शब्द घेऊन उरलेले शब्द टाकून देणे होय. भात, दूध, तूप, मनुकांचे पाणी, पिकलेल्या आंब्याचा साखर न घातलेला रस हेही मधुरच आहेत. सेनगावच्या चाळीस अंशांपलीकडील उन्हात बालकाला खरी गरज पाण्याची असते. ती तहान साखरपाण्याने भागविण्याची सवय मात्र सुट्टीतच जडते.

किती यापेक्षा केव्हा

चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराविषयी जी आठ विशेषायतने सांगितली आहेत, त्यांत राशी आणि काल ही दोन आपल्या विषयात सर्वांत महत्त्वाची. यांपैकी राशीचा, म्हणजे मात्रेचा, उल्लेख आपण करतो. कालाचा विसर पडतो. पूर्वीचे अन्न पचण्याआधी पुन्हा खाणे यास अध्यशन म्हणतात, आणि सुट्टीतील गोड हे बहुतांशी अध्यशनच असते. घरात तीन मावश्या, दोन मामा व शेजारच्या काकू असल्या की प्रत्येकाकडून एकेक पेढा मिळतो. कोणीच अति देत नाही, तरी बालकास अति होते.

दंतरोगाच्या संदर्भात याच मुद्द्याची पुष्टी दूरच्या एका प्रयोगाने झाली आहे. स्वीडनमधील लुंड येथील विपेहोल्म रुग्णालयात १९४५ नंतरच्या काळात साखर व दंतक्षय यांच्या संबंधाचा अभ्यास झाला आणि त्याचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. बौद्धिकदृष्ट्या अपंग व्यक्तींवर त्यांच्या संमतीविना हे प्रयोग केले गेले. त्या पद्धतीचा आज निषेधच केला जातो. मात्र निष्कर्ष स्पष्ट होता. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने दंतक्षय अल्प प्रमाणात वाढला, तर दोन जेवणांच्या मध्ये दिलेल्या चिकट मिठाईने तो फार वाढला. पुढे त्या देशात मुलांना आठवड्यातून एकदा, शनिवारी गोड खाऊ देण्याचा प्रघात पडला, तो आजही तेथील घरांत आढळतो. संपूर्ण निषेध न करता वेळ ठरवून देणे हा त्या प्रघाताचा गाभा आहे.

आपल्या परंपरेत तर यासाठी नवे काही घडविण्याचीही आवश्यकता नाही. सुश्रुताचार्यांनी भोजनाच्या आरंभी मधुर रस घ्यावा असे सांगितले आहे, आणि आपल्या पानातही गोड वाढले जाते. गोडाची जागा पानात आहे, खिशात नाही. सुट्टीतील सर्व नियमांचे सार एवढेच.

घरी व प्रवासात काय सांगावे

‘लेकरू चार दिवसांसाठी आलंय, खाऊ द्या हो डॉक्टरसाहेब,’ असे आजी म्हणतात, तेव्हा त्यांना नको म्हणणे व्यर्थ ठरते. नातवाला गोड देणे हा त्यांच्या मायेचा हक्क आहे. आम्ही त्यांना एवढेच सांगतो, ‘आजी, गोड तुम्हीच द्या. पण पानात वाढा.’ असे सांगितल्याने आजींचा मान राहतो, सुनेवर वा लेकीवर नकाराचे ओझे पडत नाही, आणि गोड देणारा हात घरात एकच उरतो. हे शेवटचे सर्वांत उपयुक्त आहे. मामा-मावशींनी आणलेली मिठाई आजींच्या डब्यात जावी आणि तेथून दिवसातून एकदाच, दुपारच्या भोजनारंभी, पानावर यावी.

देवदर्शनाच्या प्रवासात प्रसादाचा प्रश्न येतो. प्रसाद नाकारू नये. परंतु प्रसाद हा कणमात्र घ्यावयाचा असतो, पोटभर नव्हे. एक पेढा चौघांत वाटावा व उरलेला पुडा घरी सर्वांसाठी आणावा. प्रवासात भूक लागल्यास फुटाणे, शेंगदाणे, केळे, घरची दशमी जवळ असावी आणि पाण्याची बाटली प्रत्येक बालकाच्या हाती असावी. शेंगदाणे व फुटाणे अगदी लहान मुलांच्या घशात अडकतात, म्हणून ते मोठ्या मुलांनाच द्यावेत. अनेक गोड शीतपेयांत १०० मिलीमध्ये सुमारे १० ग्रॅम साखर असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ साली २ ते १८ वर्षे वयाच्या मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी सांगितली, आणि दोन वर्षांखालील बालकांना ती मुळीच देऊ नये असे म्हटले. म्हणजे २५० मिलीच्या एका बाटलीत दिवसाचा हिशेब संपतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ साली आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. आजोळी असा फलक नसतो, तेथे आपला शब्दच फलकाचे काम करतो.

ज्या बालकास दिवसभर गोड खाण्याची सवय आधीच जडली आहे, त्याचे गोड सुट्टीच्या पहिल्या दिवशी एकदम तोडू नये. अहितकर सवय क्रमाक्रमाने, पादांशाने सोडावी हा चरकोक्त मार्गच येथे योग्य. प्रथम रात्रीचे गोड थांबवावे, काही दिवसांनी प्रवासातले, मग सकाळचे. बालक चिडणार नाही आणि चोरून खाणार नाही.

आपल्या दुकानातील साखर

आता स्वतःकडे वळू. अनेक औषधी दुकानांच्या काउंटरवर गोळ्या-चॉकलेटांची बरणी असते. सुटे पैसे नाहीत म्हणून त्यातील दोन गोळ्या ग्राहकाच्या मुलाच्या हाती ठेवण्याची रीत होती. यूपीआयमुळे आता ती सबबही बरीच उरलेली नाही. ज्या दुकानातून कृमिघ्न औषध व दंतमंजन विकले जाते, तेथे ती बरणी शोभत नाही.

औषधांचा हिशेबही तपासावा. सितोपलादि चूर्णाच्या एकतीस भागांत सोळा भाग खडीसाखर असते. तथापि बालकाची मात्रा अल्प असल्याने तीतून येणारी साखर नगण्य राहते. साखरेच्या पाकात केलेल्या सिरपांचे तसे नाही. साध्या पाकात वजनाने ६६.७ टक्के साखर असते. संपूर्ण औषध अशा पाकातच केलेले असेल, तर पाच मिलीमध्ये चार ग्रॅमहून थोडी अधिक साखर जाते. दिवसातून तीन चमचे दिल्यास सुमारे १३ ग्रॅम, म्हणजे वरील मर्यादेच्या निम्म्याहून अधिक. बाजारातील बहुतेक च्यवनप्राशातही साखरेचा भाग मोठा असतो. ही औषधे त्याज्य आहेत असा याचा अर्थ नाही. परंतु अवलेह चालू असेल त्या काळात पानातील गोड कमी करावे, सिरप घेतल्यावर चूळ भरावी, रात्री झोपताना सिरप देऊन लगेच निजवू नये, आणि जेथे क्वाथ, चूर्ण वा वटी चालते तेथे सिरपाचा आग्रह धरू नये, एवढे सांगणे आपल्या हातात आहे. दुकानदार बंधूंनी औषध देताना यातील एक वाक्य उच्चारले तरी पुरे.

एक सावधगिरी

सुट्टीच्या काळात एखादे बालक वारंवार पाणी मागते, वारंवार मूत्रप्रवृत्ती होते, रात्री अंथरूण ओले करू लागते आणि खाऊनही वाळत जाते. उन्हाळा आहे, जंत झाले असतील, असे घरचे म्हणतात. अशा बालकाची रक्तशर्करा त्याच दिवशी तपासावी. बालकांतील पहिल्या प्रकारचा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही, म्हणून आईला दोष देऊ नये. मात्र निदानास विलंब झाल्यास वांती, दीर्घ श्वसन व मूर्च्छा येऊन प्राणावर बेतते. त्यास इन्सुलिनच लागते व रुग्णालयात तत्काळ पाठविणे हेच आपले कर्तव्य. असे निदान आधीच झालेले बालक सुट्टीस आले असेल, तर त्याचा आहार व इन्सुलिन यांत आपल्या मनाने बदल करू नये.

निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले पाऊल आहे असे आपण विद्यार्थिदशेपासून घोकत आलो. बालकाच्या बाबतीत निदान टाळणारा बालक नसतो. ते घर असते, आणि त्या घराला बोलणारा वैद्य असतो. जूनमधील रुग्ण मे महिन्यातच कमी करावयाचे असतील, तर एप्रिलअखेरीस येणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांशी दोन मिनिटे या विषयावर बोलावे, आणि दुकानातील ती बरणी त्याआधी उचलून ठेवावी, अशी सर्व व्यवसायबंधूंना नम्र विनंती आहे.